न झालेली आठवी

शाळेने प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला आणि ते सांभाळायला माझ्या आत्याला ठेवलं. पोरं तिला चार्जरबाई म्हणतात. ती स्वतः सातवी पास. आठवीत जायच्या वेळी तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील, पाळण्यात होते आणि त्यांना बघायला घरात कोणी नव्हतं. वडील पुढे भरपूर शिकले. मोठेपणी त्यांनी तिला सल्ले तेवढे दिले, फुकटचे.

दुरुस्त झालेल्या लॅपटॉपचं प्रत्येक बटण चालतं का, हे बघायला थोडं टाइप करायचं आणि पुसून टाकायचं, अशी तिथली पद्धत. बाकीचे कर्मचारी काहीही बडवतात. आत्या आठवी लिहायची. कपाटात ओळीने लावलेले लॅपटॉप चार्ज होत असायचे, हिरवे दिवे लुकलुकायचे, पंखा घरघरायचा, आणि आत्या टाइप करता करता हळूच वर्गात जाऊन बसायची. तिसरा बाक, खिडकीकडचा. शेजारी एक मैत्रीण, शाईने बोटं माखलेली. गणिताच्या बाईंना फळ्याकडे तोंड असतानाही मागची कुजबुज ऐकू यायची. एका लॅपटॉपवर शाळेचा एक दिवस. मग सगळं पुसायचं. सहा वर्षांत ती सहामाहीपर्यंत पोचली, आणि हाती एकही ओळ शिल्लक नव्हती. नंतर हे कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडलेच. म्हणाली, "अगं, लॅपटॉप मुलांचे. मी आपली पाहुणी."

एकदा एक आठवीतली मुलगी घाईघाईत आली आणि आत्याने तिचा लॅपटॉप न पुसताच देऊन टाकला. लक्षात आलं तेव्हा ती दारापर्यंत धावली, पण मुलगी निघून गेली होती. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज. ही या वयात शाळा-शाळा खेळते म्हणून पोरं हसतील, या विचाराने तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी लॅपटॉप घेऊन दारात उभी. "बाई, हे तुम्ही लिहिलंय? तुमची आठवी कुठल्या शाळेत झाली?"

"झालीच नाही गं." आत्याने हे पहिल्यांदाच कोणापुढे मोठ्याने म्हटलं. "सगळं मनचंच आहे. आण इकडे, पुसून देते."

मुलीने लॅपटॉप छातीशी धरला. "पण गणिताच्या बाई अगदी अश्शाच असतात. वाचताना मला वाटलं, तुम्ही आमच्याच वर्गात बसता."

आत्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मुलीने विचारलं, "उद्या पहिला तास कशाचा आहे तुमचा?"

आत्याने डोळे पुसले.

"भूगोल," ती म्हणाली.