दातांची शेवटची खोळ

ये, अशी जवळ बस. मी इथे लिहितेय, तू तिकडे गुडगावात, तरी म्हणतेय, ये. आधी ती पर्स मांडीवरून खाली ठेव. पाहुण्यासारखी काय धरून बसतेस. आणि ऐकून घे. परवा तू आमच्या मेट्रो स्टेशनाच्या जिन्यावरून उतरलीस, मी समोर मेथी निवडून घेत होते. मला पाहिलंस, फोन कानाला लावलास आणि रिक्षात चढलीस. काय गं हे? तुला भीती, तुला बघून काकू रडेल. रडेनच. रडून झालं की चहा टाकेन.

पहाडगंजच्या मराठी शाळेत तुम्ही दोघी एका बाकावर बसायचात. तेव्हापासून माझी पोर हसताना तोंडावर हात धरायची. वरचा सुळा दुसऱ्या दातावर चढलेला. सासूबाई म्हणायच्या, दातावर दात असलेली मुलगी भाग्याची. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये होतो; तारा बसवायचं कितीदा ठरलं, पण कधी ह्यांची बदली आडवी आली, कधी तिची बोर्डाची परीक्षा. अल्बम काढून बघ. वाढदिवस असो, गणपती असो, जिथे हसतेय तिथे हात तोंडावर.

मग ह्यांच्या रिटायरमेंटला आम्ही इथे दिल्लीतच द्वारकेत फ्लॅट घेतला, तिला गुडगावात काचेच्या बिल्डिंगीत नोकरी लागली, तुम्ही दोघींनी तिकडे घर घेतलं भाड्याने. आणि तिशी उलटल्यावर एक दिवस सांगते काय, दात सरळ करायला घेतलेत. मी म्हटलं, या वयात तारा? तर तारा नाहीत म्हणे. पारदर्शक प्लास्टिक, दातांवर चढवायचं, जेवताना काढायचं, दिसत बिल्कुल नाही. ती त्याला अलाइनर म्हणायची, मी म्हणायचे खोळ. उशीला असते तशी, दातांची खोळ. दर दुसऱ्या आठवड्याला पुढच्या नंबरची चढवायची. प्रत्येक खोळ आधीच्यापेक्षा जराशी वेगळी, सुळ्याला हळूहळू खाली जागेवर आणणारी. अगदी शेवटच्या नंबरापर्यंत सगळ्या आधीच करून पाकिटांत भरलेल्या. पोरीचे दात पुढे कसे होणार ते डॉक्टरांकडे आजच तयार, याची मला तेव्हा मोठी गंमत वाटली होती.

नवी खोळ चढवली की दात ठणकायचे, चावता यायचं नाही. म्हणून बाईसाहेब शनिवारी सकाळी इथे येऊन ती चढवायच्या. आईच्या हातचा मऊ भात हवा ना. नोकरी लागल्यापासून महिना महिना तोंड न दाखवणारी पोर त्या प्लास्टिकमुळे घरी यायला लागली. पाकिटं पण सगळी इथेच आणून ठेवली, माझ्या कपाटात. तुलाही ओढून आणायची. तुझे दात धडधाकट, तरी तू तिच्याच ताटातला मेतकूट-भात ओरपायचीस.

एकदा खोळ न काढताच तिने आमटी खाल्ली, आठवतं? पिवळीधमक झाली. ती आरशासमोर चिडलेली, आणि तू सोफ्यावर लोळून हसत होतीस. "काकू, हिला हळद लागली बघा. आता नवरा शोधा."

त्या दिवशी ती हसली ती हात न लावता हसली. मी कुकर उतरवत होते, पाठ होती माझी. वळून पाहीपर्यंत हात परत तोंडावर.

दिवाळीच्या तोंडावर तिला ताप आला. डेंग्यू म्हणाले. दिल्लीत दरवर्षी घरोघरी येतो, आणि लोक पपईच्या पानांचा रस पिऊन बरे होतात. आपली नाही झाली. तू हॉस्पिटलात होतीस, तुला काय सांगायचं.

तेराव्यानंतर मी तिचे कपडे देऊन टाकले. बूट गार्डच्या मुलीला बरोबर बसले. स्वेटर कामवालीने नेला. माणूस गेलं की त्याच्या वस्तू कुणाच्या तरी अंगी लागाव्यात, असं आपल्यात म्हणतात. पण ह्या खोळी? ह्या जगात दुसऱ्या कुणालाच व्हायच्या नाहीत. हे म्हणाले, प्लास्टिकच ते, टाकून दे. म्हणाले, आणि स्वतःच पिशवी कचऱ्याच्या डब्यातून काढून परत कपाटात ठेवली. क्लिनिकमधल्या मुलीचा फोन आला, मॅम आल्या नाहीत म्हणून. तिचा काय दोष? मी म्हटलं, "बेटा, वो अब नहीं आएगी," आणि ठेवून दिला.

मग मी काय करायला लागले, ऐक. हसू नकोस. तिचा शनिवार आला की मऊ भात टाकते, आणि पुढच्या नंबरचं पाकीट फोडते. खोळ बाल्कनीत उजेडाला धरते. सुळा थोडा खाली आलेला दिसतो. पुढच्या वेळी आणखी थोडा. ती असती तर आज इथवर आली असती, असं म्हणते आणि भात जेवते. हे समोर बसतात, पेपरातून डोकं वर काढत नाहीत, पण पान उलटत नाहीत.

आता एकच पाकीट राहिलंय. शेवटच्या नंबराचं. त्यात तिचे दात सगळे सरळ आहेत गं. हात न धरता हसणारी ती, आमच्याकडे तेवढीच. फोटो एकही नाही तसा. ते पाकीट मी कितीदा हातात घेतलं नि परत ठेवलं. फोडलं की झालं, पुढच्या शनिवारी काही उरणार नाही. आणि ह्यांच्यासमोर फोडायचा धीर होत नाही, हे आतून फार खचलेत.

तिला हात न लावता हसताना तू पाहिलंयस. मी कुकरकडे बघत होते. तूच सांगू शकशील, त्या दिवशी ती कशी दिसत होती, आणि शेवटी कशी दिसली असती. बाल्कनीत आपण दोघीच बसू. मेतकूट नवं करून ठेवलंय. या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या ये, पण लवकर ये बाई. तू येईस्तोवर मी ते फोडत नाही.