वाघमारे मॅडमचे शंख

वाघमारे मॅडमचे दगडी शंख मी धुतले, पुसले आणि लहान-मोठे असे वेगवेगळे लावून ठेवले. ज्या पिशव्यांत ते होते त्यांवर काहीतरी लिहिलेलं होतं. ते न वाचताच पिशव्या फेकल्या. किराणा दुकानदाराचा हात माझा. तुरीत हरभरा दिसला की जीव खालीवर होतो.

मॅडम आदिलाबादच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या आणि भीमपुरात आमच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. रस्त्यात दगड दिसला की उचलून चाटायच्या. गिऱ्हाइकं बघत राहायची. "ओला झाल्याशिवाय आतला शंख दिसत नाही, भाऊ. तुमी पण चाटून पाहा," म्हणायच्या. मी एकदा चाटला. माझ्या दगडाचा इतिहास फार जुना नव्हता. सकाळीच त्यावर शेळी बसली होती.

गावाबाहेरच्या टेकाडात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा गाळ दबला होता. त्यात हे दगड झालेले शंख. मॅडम समजावून सांगायच्या, "समुद्र असो की तळं, काठची वस्ती येगळी, खोल पाण्यातली येगळी. काठावर लाटांचा मार, म्हणून तिथं जाड कवचाचे. खाली शांत गाळात नाजूक. पाणी चढलं की त्याच जागी जाडांच्या डोक्यावर नाजूक येऊन बसतात. म्हणून कोणता शंख कोणत्या थरातला, हे हललं की सगळं गेलं." ते तळं खोल कसं झालं आणि वरचा लाव्हा येण्याआधी आटलं की नाही, एवढंच त्यांना शोधून काढायचं होतं. त्यासाठी प्रत्येक सुट्टी त्या टेकाडापाशी काढायच्या.

माझी मांडणी पाहून त्या ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "काऊन धुतले?" मग पायात चपला सरकवत, "गाडी काढा. टेकाडावर मशीननं मुरूम काढून राह्यले."

आम्ही पोचलो तेव्हा मशीनचा पंजा टेकाडाच्या माथ्यावर होता. मॅडम थेट कड्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर वरून ओरडला, "मॅडम, हटो! ऊपर से गिरेगा!"

"थोडा रुको, भैया!" म्हणत त्यांनी हातोडी चालवली. तळापासून एकेक थर. प्रत्येक थराची पिशवी वेगळी, तिच्यावर आकडा. मी पुढं हात केला तसं म्हणाल्या, "तुमी फक्त पिशवी धरा. तोंड उघडं ठेवा. पिशवीचं."

कंबरेपर्यंत जाड शंख निघाले. छातीपाशी नाजूक सुरू झाले. डोक्याच्या वरचा थर बाकी होता. मॅडम टाचा उंचावून हातोडी मारणार, तोच ढेकळांचा लोंढा सुटला. मी त्यांचा पदर धरून मागं ओढलं. धूळ बसली तेव्हा वरचा थर ढिगाऱ्यात मिसळला होता. कोणता शंख कुठला, ते आता देवालाही सांगता आलं नसतं.

"तुम्हाला आठवत असेलच की," मी घाबरत म्हणालो. "लिहून टाका, वर पुन्हा जाड होते. तळं आटलं."

"माझी आठवण म्हणजे थर नाही, भाऊ."

त्यांचा अभ्यास छापून आला. त्यात शेवटी होतं, इथून वरचं सांगता येत नाही. ते तळं आटलं की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. दोष मशीनचा, असं मी गावभर सांगत होतो.

पुढं त्यांची बदली झाली. टेम्पो दाराशी लागला. पेट्या चढवाव्यात म्हणून मी बाह्या सरसावून पुढं झालो, तर मॅडम आडव्या आल्या.

"हमाल हाये, भाऊ. तुमी कशालेच हात लावू नका."