खाण्यात मोडणारा चहा

मंगळवारी सकाळी भाच्याचा, सतीशचा, डोंबिवलीहून फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या घरी नेहमीप्रमाणे कुठल्याशा तक्रारीचे पत्र लिहीत बसलो होतो. "मामा, आई गेली," एवढेच तो म्हणाला. कुसुम माझी धाकटी बहीण. तिला जाऊन पाच आठवडे झाले. डॉक्टर हृदयाचे कारण सांगतात. मी ते लेखी मागितले, त्यांनी दिलेही. तरी समाधान होत नाही, कारण या वेळी तक्रार माझ्याच विरुद्ध आहे.

दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिस सुरू झाले. रुग्णालयाने एक कागद दिला: पाणी, चहा, दूध, ताक, सरबत मिळून दिवसाला तीन पेल्यांहून अधिक पिऊ नये. सहा कप चहा घेणारी बाई ती... गोळ्या गिळण्यातच दोन पेले संपत. एका रविवारी तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला. "दादा, तू कोर्टातला माणूस. चहा जास्त प्यायचा नाही म्हटलंय. खायचा नाही, असं कुठं लिहिलंय? त्याचं आइस्क्रीम केलं तर?" न्यायालयात उभी हयात कारकुनी केलेल्या मी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि निर्वाळा दिला: आइस्क्रीमचा उल्लेख नाही, सबब मनाई नाही.

मग ती कामाला लागली. दूध आटवायचे, त्यात चहाची पूड आणि गवती चहा झाकून मुरवायचा, गाळून साखर व साय घालायची, स्टीलच्या डब्यात अर्धवट गोठले की रवीने घुसळून पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवायचे. शेजारणींना ती हाक मारी, "या गं, चहा खायला."

थोड्याच दिवसांत रुग्णालयातल्या काट्यावर तिचे वजन वाढू लागले. पाणी जास्त पिता म्हणून तिला बोलणी बसली. तिने शपथेवर नाकारले, आणि मी भडकलो. "सदर काटा प्रमाणित आहे काय? असल्यास प्रमाणपत्राची प्रत मिळावी," अशी दोन पत्रे धाडली. अखेर तिथल्या तंत्रज्ञाने मला बाजूला घेऊन विचारले, मावशी खातात काय? मी सांगितले. "अहो काका, पोटात गेल्यावर ते पाणीच की." तो हसला असता तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून मी दुप्पट कडक झालो. कुसुमने खाणे सोडले, करणे नाही. दर रविवारी माझ्यासाठी वाटी तयार असे आणि समोर बसून ती मला खाताना पाही. शेवटच्या रविवारी म्हणाली, "एक चमचा दे ना रे दादा. नुसती चव."

"नियम म्हणजे नियम, कुसुम."

"बरं बाबा, जजसाहेब," म्हणून ती माझी वाटी विसळायला घेऊन गेली... एका चमच्याने काय बिघडले असते, असे मी आता डॉक्टरांना पत्राने विचारले. काहीही नाही, असे उत्तर आले.

तेराव्यानंतर सतीशने फ्रीज आवरायला काढला. हा डबा तुमचाच, मामा, म्हणाला. सोमवारी डायलिसिस नसे. जाण्याच्या आदल्या त्या दिवशी तिने पुढच्या रविवारसाठी करून ठेवलेला. झाकण काढताना मी मनोमन इच्छीत होतो, कुठेतरी कोपऱ्यात तिने चोरून चमचा घातलेला असावा. वरचा थर काठापासून काठापर्यंत अखंड होता.