बाराव्या धड्याच्या टाचण्या

आश्विनातली सकाळ, पण ऊन काही चिकपेटच्या त्या गल्लीत उतरायला तयार नव्हतं. रात्रभर भुरभुर पडून गेली होती आणि वर आभाळ शिळ्या ताकासारखं पसरलेलं. अशा हवेत इस्त्रीचे कोळसे लवकर धरत नाहीत. कृष्णाजी शिंपी दुकानाच्या पायरीवर उकिडवा बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होता, धूर खात होता. आत मशीनवर फादर लोबोंचा पांढरा झगा पडला होता. शिवून तयार, काजं तेवढी व्हायची होती.

पाद्र्यांचे झगे शिवण्यात कृष्णाजीच्या हाताला नाव होतं. भावसारांचं घर, पिढ्यांमागं या कन्नड मुलखात येऊन इथंच मुरलेलं. गिऱ्हाइकाशी कन्नड, घरात मराठी, आणि त्या मराठीत निम्मं कन्नड. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ओळखायचा ती कापडाच्या शिक्क्यांवरून. आणि असल्या घरात रंजिता जन्मली. दहा वर्षांची पोर, पण चुरमुऱ्याच्या पुडीचा कागद आधी वाचायची, मग चुरमुरे खायची. शाळेच्या कपाटातली पुस्तकं संपवून बसली, तेव्हा बाईंनी हात टेकले.

गेल्या उन्हाळ्यात फादर लोबो माप द्यायला आले, ते तिच्या प्रश्नांत अडकून तासभर बसले. पुढच्या खेपेला त्यांनी लॅटिनचं एक जुनं पुस्तक आणून तिच्या हातात ठेवलं. "घरीच सुरू कर. अडलं तर मी आहेच."

गल्लीत हसं झालं. समोरचा शेषगिरी बटणवाला म्हणाला, "कृष्णाजीराव, पोरगी पाद्रीण होणार की काय? झगा घरचाच आहे म्हणा."

"होऊ दे. तुझ्याकडची बटणं लावणार नाही तिला."

तोंडावर असं म्हटलं, पण रात्री ते पुस्तक त्यानं उलटंपालटं करून बघितलं. पोरीला शिकवणार कोण? मग त्याला त्याच्या आज्ज्याची रीत आठवली. आज्ज्यानं पाढे असेच घोटून घेतले होते, कळो न कळो. धडा तोंडपाठ झाल्याशिवाय पुढचं पान नाही. कृष्णाजीनं पुढची सगळी पानं चार-चार करून टाचण्यांनी टोचून टाकली. रोज दिवेलागणीला रंजिता म्हणायची आणि तो अक्षरावर बोट ठेवून मागनं सरकायचा. अर्थ शून्य. पण एखादं अक्षर गाळलं तर त्याचं बोट बरोबर अडायचं. धडा पाठ झाला की तो एक टाचणी काढायचा, आणि ती काढताना त्याला वाटायचं, आपणही शिकतोय की.

असे अकरा धडे झाले. बाराव्यापाशी गाडी रुतली. पोर म्हणायची, चुकायची, पुन्हा म्हणायची. "अडलंय अण्णा. फादरनाच विचारायला पाहिजे."

आणि फादर तर जाणार होते. म्हातारपण आलं, दसरा झाला की मंगळुराला कायमचे. त्या गल्लीत काय, पुऱ्या पेटेत दुसरं कोण होतं हे सांगणारं? झगा न्यायला येतील तेव्हा विचारायचं, असं बापलेकीचं ठरलं होतं.

कोळसे एकदाचे फुलले. तेवढ्यात आतनं कस्तुरीनं, त्याच्या बायकोनं, हाक दिली. आज मूळ नक्षत्र, पुस्तकं सरस्वतीपुढं बसवायची होती. रंजितानं शाळेची पुस्तकं आणून दिली. लॅटिनचं मागं धरून ठेवलं.

"हे नको अण्णा. मला एक बघायचंय यात."

"पाद्र्याचं पुस्तक देवापुढं?" कस्तुरीलाही ते पटेना.

"अक्षर ते अक्षर," कृष्णाजी म्हणाला. "उलट अडलेलं सुटेल. फादर दसऱ्यानंतर येणार. तोवर दम धर स्वल्प." आणि ते पुस्तक त्यानं आपल्या हातानं सगळ्यांत वर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. आता दशमीला पूजा हलवीपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही.

नवमीला आयुधपूजा. कात्री, टेप, इस्त्री, सुया पाटावर मांडल्या. मशीनला झेंडूची माळ घातली. दारात कोहळा फोडून झाला आणि कृष्णाजी चुरमुरे-फुटाणे वाटत होता, तर रिक्षातनं फादर लोबो उतरले.

"झगा झाला मरे? म्हजें तिकीट आजचंच आलं." मंगळुराकडची कोंकणी त्यांच्या मराठीत अशी मिसळायची.

कृष्णाजीच्या हातातला चुरमुऱ्याचा पुडा तसाच राहिला. झगा झाला होता; गळ्याजवळचं एक बटण राहिलेलं, आणि सुई पूजेच्या पाटावर. "तेवढं बटण…" तो म्हणाला.

"असू दे रे. आमच्या गळ्याकडे आता कोण बघतंय." फादर हसले, स्टुलावर बसले. "बाय खंय? पुस्तक हाड गो, बघूं कुठं अडलंय."

रंजिता दारात उभी होती. तिनं बापाकडं बघितलं. बापानं देव्हाऱ्याकडं.

"पूजेत बसलंय," तो म्हणाला.

"मी तोंडानं विचारते," रंजिता म्हणाली आणि डोळे मिटून तिनं ते परकं वाक्य म्हटलं. कृष्णाजीचं मनातलं बोट अक्षरं शोधू लागलं. बाराव्या धड्यात असलं काही नव्हतं.

फादरनी भुवया उंचावल्या. "हे तर शेवटच्या धड्यातलं. तिथवर गेलीस तू?"

पोरीनं मान खाली घातली.

"अर्थ पुढच्यामागच्यावर आहे बाय. आधीचं वाक्य काय?"

"अर्धंच आठवतंय."

"मग पान बघायलाच पाहिजे. माझीही आता आठवण गेली."

कृष्णाजी उठला, देव्हाऱ्यापाशी गेला. पुस्तक वितीवर होतं. शेजारी कात्री, सुया, मशीनची चावी. सगळं घर ज्यावर उभं ते सगळं तिथं बसलेलं. त्यानं हात पुढं केला. कस्तुरी नको म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिच्यावर ढकलता आलं असतं. हात तिथंच थांबला आणि मागं आला.

"राहू दे अण्णा," रंजिता म्हणाली. "सरी, चालतंय. राहू दे."

फादर तसाच झगा काखेत घेऊन, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून रिक्षात बसले. कृष्णाजीनं त्यांच्या हातात चुरमुऱ्याचा पुडा दिला. दुसरं द्यायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

दशमीला सकाळी पूजा हलवली. कृष्णाजी पुस्तक घेऊन उजेडाला बसला. एकदा टाचलेलं कापड कसं दिसतं आणि दहादा उसवून पुन्हा टाचलेलं कसं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पानांचे कोपरे भोकांनी चाळण झाले होते. पोर कधीच पुढं गेली होती, आणि रोज पुन्हा टाचण्या टोचून बाराव्याला येऊन बसत होती. त्याच्यासाठी. टाचण्या संपल्या असत्या तर त्याचं शिकणंही संपलं असतं.

त्यानं एक टाचणी उपसली. दुसरीला हात घातला.

"काढू नका अण्णा," रंजिता मागं येऊन उभी होती. "बारावा पाठ व्हायचाय की अजून."

काढलेली टाचणी त्यानं जुन्याच भोकात परत घातली आणि पुस्तक तिच्याकडं दिलं.

"म्हण," तो म्हणाला. शेषगिरीच्या बायकोचा ब्लाऊज कालपासून पडला होता. मशीनवरची झेंडूची माळ बाजूला सारून त्यानं पायडल हलवून बघितलं, दोरा ओवला आणि बाहीला हात घातला.