अदलाबदल

काडीला काडी हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलं, आणि ते तिला इतकं चपखल बसलं की हजेरीपटावरचं नाव घरात कुणाला चटकन आठवायचं नाही. हातपाय लांबलचक, अंगावर मांस म्हणाल तर नावापुरतं. "खिडक्या लावून घ्या रे, पोरगी उडून जाईल," असं वडील म्हणायचे. ते लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात लोंबकळायचे आणि घरी आले की खुर्चीला जे चिकटायचे ते चिकटायचेच. आई कुत्री न्हाऊमाखू घालायची. तोच तिचा धंदा. मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं दुकान होतं. पुढे गिऱ्हाइकांसाठी बाकडं, मागे स्टीलचा टब, रबर चिकटवलेलं उंच टेबल आणि केस वाळवायचा एक ब्लोअर. तो इतका केकाटायचा की आईला घरीसुद्धा मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. काडी शाळेतून थेट तिथंच यायची. अभ्यास बाकड्यावर, खाणं बाकड्यावर, आणि कपड्यांना कायम कुणाचे ना कुणाचे केस.

कुत्र्याला हात कुठं लावायचा आणि कधी लावायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं नाही. दोघातिघांना न आवरणारं दांडगं कुत्रं तिच्यासमोर आपणहून पंजा पुढे करायचं.

अकराव्या वर्षी ती आईबरोबर पहिल्यांदा डॉग शोला गेली. आईचं काम होतं रिंगणात जाण्याआधी गिऱ्हाइकांच्या कुत्र्यांवरून शेवटची कात्री फिरवायचं. मैदानाच्या एका कोपऱ्यात दोरीनं आखलेल्या रिंगणात मुलंमुली कुत्री घेऊन पळत होती. काडीनं विचारलं तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं की याला ज्युनियर हँडलिंग म्हणतात. इथं कुत्र्याचं रूप नाही, मुलांचा हात बघतात. कुत्र्याला चार पायांवर नीट उभं कसं करता, जजला त्याचे दात कसे दाखवता, पळताना पट्टा सैल राहतो का, जज कुठूनही कुठं गेला तरी त्याच्या आणि कुत्र्याच्या मधे तुम्ही येत नाही ना. काडी दोरीला पोट टेकवून शेवटपर्यंत उभी राहिली.

"आई, हे मला येतं."

"येत असेल गं. कुत्रं कुठंय तुझ्याकडं?"

तेही खरंच होतं. शेकडो कुत्री धुतलेल्या त्या घरात स्वतःचं एकही कुत्रं नव्हतं. घरमालकाला चालायचं नाही.

कुत्रं मिळालं ते तिच्या तेराव्या वर्षी, आणि तेही दुसऱ्याचं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांची डॉक्टर होती. तिनं हौसेनं एक स्पॅनियल पिल्लू आणलं, तपकिरी, लोंबत्या कानांचं. नाव ठेवलं मखमल. चार महिन्यांत हौस फिटली. दिवसभर लोकांचे दात उपटून दमलेली बाई संध्याकाळी कुत्रं फिरवायला कुठली निघते! एके दिवशी पिल्लू आंघोळीला आलं ते दुकानातच राहायला लागलं. सकाळी डॉक्टरबाई खाली सोडायच्या, रात्री वर न्यायच्या. मधला सगळा वेळ ते काडीचं.

पाच वर्षं काडीनं तिच्यावर मेहनत घेतली. गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या गोदामासमोर फरशीचा एक चौक होता, तिथं त्या दोघी रोज त्रिकोणात पळायच्या. मखमलला ओढावं लागत नसे की दटावावं लागत नसे. काडीनं बोट हनुवटीखाली नेलं की मान वर, मांडीवर तळवा टेकवला की मागचे पाय मागे. आई ब्लोअर बंद करून दारात येऊन बघायची आणि म्हणायची, "ही तर कुणाच्याही हातात शोभेल." काडीला ते कौतुक वाटायचं.

पण बक्षिसाचं घोडं काही गंगेत न्हाईना. दुसरा नंबर, तिसरा, परत तिसरा. एकदा एका जजबाईनं सांगितलं, "हात छान आहे तुझा, पण चेहरा मयताला आल्यासारखा. जरा हस." मग आठवडाभर मायलेकी आरशासमोर हसण्याचा सराव करत बसल्या. वडील खुर्चीतून म्हणाले, "हे बघून कुत्रं पळून जाईल." पुढच्या शोला काडी हसली आणि चौथी आली.

पहिला नंबर बहुतेक वेळा बाहुलीचा. ती फरशांच्या बड्या व्यापाऱ्याची मुलगी, काडीच्याच वयाची. केसांचा घट्ट अंबाडा, इस्त्रीचा कोट. दर वर्षी तिच्याकडं नवं कुत्रं असायचं. जुन्यांचं काय होतं ते कुणी विचारत नसे. तिचे वडील दोरीबाहेर हाताची घडी घालून उभे असायचे. बाहुली वळणावर वळली की आधी त्यांच्याकडं बघायची, मग जजकडं.

ज्युनियरमध्ये अठरा पूर्ण होईपर्यंतच उतरता येतं. काडीचा अठरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता तेव्हा तिचा शेवटचा शो आला.

त्या दिवशी सगळं मनासारखं चाललं होतं, आणि तिथंच खरं तर पाल चुकचुकायला हवी होती. मखमल पाण्यावरून चालावं तशी पळाली. शेवटी रिंगणात दोघीच उरल्या: काडी आणि बाहुली. बाहुलीकडं या वेळी काळा स्पॅनियल होता. जज म्हणजे एक वयस्क गृहस्थ, सारखे रुमालानं मान पुसणारे. त्यांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "पट्टे बदला. एकमेकींची कुत्री घ्या."

हा नियमातलाच भाग होता. हात खरा की कुत्रं खरं, हे असंच कळतं. काडीला उलट बरंच वाटलं. अनोळखी कुत्री तर ती रोज हाताळत होती.

काळ्यानं आधी तिला नीट साथ दिली. पळाला, थांबला, उभाही राहिला. मग जज जवळ आले आणि म्हणाले, "दात दाखव."

काडीनं हात त्याच्या तोंडाकडं नेला आणि ते कुत्रं खाली बसलं. बसलं म्हणजे काय, चेपलंच. कान मागे, डोळे गच्च मिटलेले, मान एका बाजूला वळवलेली. गुरगुरलं नाही, चावायला आलं नाही. नुसतं वाट बघत राहिलं.

टेबलावर अशी कुत्री काडीनं पाहिली होती. ती कशाची वाट बघतात हे तिला ठाऊक होतं.

ती गुडघ्यांवर बसली. हात मागे घेतला आणि त्याच्या छातीवर नुसता ठेवला. आत काळीज धडधडत होतं. तिनं ठरवलं असतं तर एका हातानं जबडा धरून दुसऱ्यानं ओठ वर करणं चार सेकंदांचं काम होतं. तिनं केलं नाही.

"दात दाखवायला सांगितलं मी," जज म्हणाले.

"घाबरलाय तो."

"दिसतंय की. मग हँडलर कशाला असतो?"

काडीनं हात तिथंच ठेवला. बाहुलीकडं जज गेले तेव्हा मखमलनं मान वर केली, मागचे पाय मागे घेतले, ओठ वर केल्यावर शांत उभी राहिली, आणि पळायला सांगितल्यावर सैल पट्ट्यावर अशी काही पळाली की दोरीबाहेरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहुलीला काही करावंच लागलं नाही. पाच वर्षांचं काम काडीनं दुसरीच्या हातात सरळ सरळ फळाला आलेलं पाहिलं.

दुसरा नंबर. शेवटचा.

आई गाडीत सामान भरताना म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचे डोळे तपासायला हवेत." काडी वाटेत एकदाच म्हणाली, "मारतात त्याला. तोंडावर."

"कुणाला?"

"काळ्याला."

आईनं आरशातून मागं पाहिलं, मग रस्त्याकडं. "आपण काय करणार बाळा," ती म्हणाली.

पुढचं आठ दिवसांत घडलं. बाहुलीच्या वडिलांना, म्हणजे टाइल्सवाल्यांना, मखमल फार आवडली होती. ते स्वतः डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात आले, दाढ दाखवायच्या निमित्तानं म्हणे. मोठं आवार आहे, देखभालीला माणसं आहेत, मखमलला पिल्लं झाली तर त्यातलं एक तुम्हाला देऊ. डॉक्टरबाईंना ते पटलं. तशीही काडी आता मोठी झाली होती, तिची स्पर्धा संपली होती. कुत्रं दुकानात पडून काय करणार?

काडीला कळलं तशी ती जिना चढून वर गेली. खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसला होता, त्याच्यासमोरच तिनं सगळं सांगितलं. काळ्याचं, त्यानं मिटलेल्या डोळ्यांचं, त्याच्या काळजाचं.

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. आवाज मऊ केला. "हे बघ, हरल्याचं दुःख होतं गं. मला कळतं. पण कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं लोक म्हणतील. कुणाच्या घराबद्दल असं बोलू नये."

"मावशी, मी खोटं नाही बोलत."

"खोटं नाही गं. तुला तसं वाटतंय."

"मला द्या मग. मी घरमालकाला सांगते, मी..."

"शब्द दिलाय मी त्यांना."

पेशंट तोंड उघडं ठेवूनच ऐकत होता. काडी खाली आली. मखमलच्या कानांतल्या गाठी तिनं सोडवल्या, नखं कापली, कारण त्या घरी ते कोण आणि कसं करेल याचा भरवसा नव्हता. दुपारी एक माणूस गाडी घेऊन आला. मखमल त्याच्याबरोबर न ओढता, सैल पट्ट्यावर, नीट चालत गेली. कुणाहीबरोबर जायची तिला सवयच होती. ती सवय काडीनं लावली होती.

महिन्याभरानं काडी त्यांच्या बंगल्यावर गेली. मखमलला फिरवायला मिळेल का, फुकट, एवढंच विचारायला. फाटकाशी बाहुलीच आली. अंबाडा सोडलेला, अंगात जुना शर्ट. क्षणभर ओळखूच आली नाही.

"आत नको येऊस," ती म्हणाली. "बाबा आहेत."

"कशी आहे ती?"

"बरी आहे. खाते." बाहुली म्हणाली, "मी नाही मारत. तुला वाटत असेल."

"कोण मारतं?"

बाहुलीनं फाटकाची कडी उगाच वर केली, खाली केली. "शिस्त लागत नाही म्हणतात. कुत्र्याला काय आणि पोरांना काय, त्यांच्या मते एकच पद्धत." ती हसली, सरावाचं हसू. "तू परत येऊ नकोस. त्यांना वाटेल मी बोलावलं. मग राग तिच्यावरच निघेल."

आतून भुंकणं ऐकू येईल म्हणून काडी फाटकाबाहेर बराच वेळ उभी राहिली. काही आलं नाही. मखमलला विनाकारण न भुंकायलाही तिनंच शिकवलं होतं.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला तिनं फोन केला. तिकडच्या माणसानं विचारलं, तुम्ही मारताना पाहिलंय का? फोटो आहे? जखम दिसते? नाही म्हटल्यावर त्यानं नोंद करून घेतो म्हटलं. पुढे कुणाचा फोन आला नाही.

दोन वर्षं गेली. बाहुली शिकायला दूर कुठंतरी गेली. टाइल्सवाल्यांनी शोचा नाद सोडला. ते कानावर येताच काडीनं धीर करून त्यांच्या दुकानात फोन लावला. आता तरी मखमल द्याल का, घरमालक तयार झालाय, असं सगळं एका दमात सांगितलं. तिकडं कारकुनानं कुणाला तरी विचारलं. मग म्हणाला, "ती तपकिरी ना? तिला केव्हाच देऊन टाकली."

"कुणाला?"

"कुणीतरी साइटवरचा माणूस होता. त्याचं कामही सुटलं आता. नाव काही ध्यानात नाही बुवा."

"पत्ता वगैरे?"

"ताई, कुत्र्याचा पत्ता कोण लिहून ठेवतं?"

काडीनं फोन ठेवला. घरमालक तयार झालाय हे तिनं खोटंच सांगितलं होतं. त्याला विचारायचं तिनं मखमल मिळाल्यावर बघू म्हणून ठेवलं होतं. आई टबाशी वाकून एका लठ्ठ कुत्र्याच्या पाठीला साबण लावत होती.

"मिळाली?" तिनं न वळता विचारलं.

"नाही."

आईनं पाण्याचा नळ सोडला. काडीनं बाह्या वर सारल्या आणि दुसऱ्या बाजूनं कुत्र्याला धरलं, कारण ते टबाबाहेर यायला बघत होतं.