शेवटच्या पंपापुढे

कवळ्या करणाऱ्याला जगाचा तिटकारा आला, यात नवल नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून तो दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून मेणात परक्यांचे दात रोवत आला होता. माणसं त्याला साच्यांवरूनच कळत. ही बाई झोपेत दात खाते, हा गृहस्थ एकाच बाजूने चावतो, आणि दोघांनाही दात मात्र पंचविशीतले हवेत. "नुसती तोंडं," प्लॅस्टरची धूळ झटकत तो म्हणे. "आत पाहिलं की बाहेरून पाहायची इच्छा उरत नाही."

घरी बायको होती, आणि पाहुणा म्हणून येऊन मुक्कामी राहिलेला तिचा भाऊ होता. वडीलही होते, त्यांनी हयातभर एकाच मार्गावर बस हाकली होती. "घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर निदान झापड तरी असते," असं तो त्यांच्या देखत म्हणत असे. म्हातारा ऐकून घेई आणि चहा बशीत ओतून पिई.

एके सकाळी परगावच्या दवाखान्यात तयार कवळ्या पोचवून तो परत निघाला. घराकडचं वळण आलं. त्याने ते घेतलं नाही, गाडी सरळ दक्षिणेला सोडली. आधी शेतं संपली, मग विजेचे खांब, मग कुंपणं. पुढे नुसता खडकाळ माळ, करडी काटेरी झुडपं आणि वारा. निसर्गाला काही सुचेनासं झालं की तो असलं काहीतरी करून ठेवतो, असं त्याला वाटलं.

शेवटच्या पेट्रोल पंपावरून त्याने घरी फोन केला. "मला शोधू नका. पंपापुढे एकच कच्चा रस्ता आहे, त्याच्या कडेला एक रिकामी पत्र्याची खोली आहे, तिथे मी राहणार. पण शोधू नका!"

"नकाशाही काढून पाठवा की," पंपावरची बाई म्हणाली.

तो तिच्यावर मनातल्या मनात थुंकला आणि खोलीत जाऊन वाट पाहू लागला. बायको येईल, रडेल. दंतवैद्य स्वतः येईल, हात जोडेल. मग आपण काय बोलायचं, ते त्याने घोकून ठेवलं होतं. तीनदा नाही म्हणायचं, चौथ्यांदा गाडीत बसायचं. आपल्यावाचून त्यांचं अडतं, एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. बाकी त्या माळाशी त्याला काहीएक देणंघेणं नव्हतं.

दहाव्या दिवशी पाण्याच्या टँकरमधून उतरले ते वडील.

"मी येणार नाही," तो दारातूनच ओरडला.

"कुठे?"

"घरी!"

"बरं. चहा आहे का?"

त्याने चहा दिला. म्हातारा फुंकर घालत पीत राहिला. शेवटी त्यालाच राहवलं नाही. "तिने पाठवलं ना तुम्हाला?"

"कोणी? सूनबाईंनी? छे. त्या म्हणतात, घरात धूळ कमी झाली. मेहुण्याने तुझी खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतलीय."

"आणि दवाखान्यात?"

"दुसरा बसवला. बरा आहे म्हणतात. हसतो."

"मग तुम्ही कशाला तडमडलात इथे?"

वडील रस्त्याकडे बघत होते. "पुढे काय आहे रे?"

"काही नाही."

"जाऊन आलास?"

"काही नाही म्हटल्यावर कशाला जायचं?"

"जन्मभर थांबा आला की थांबलो, बाबा. म्हटलं, जिथे एकही थांबा नाही असा रस्ता बघू तरी. गाडीची किल्ली दे."

"म्हातारचळ लागलाय तुम्हाला!"

"उशिराच लागला. येतोस?"

पुढचा माळ त्याने एकदा पाहिला. तिकडे त्याला परत बोलवायला कुणीही येणार नव्हतं. त्याने किल्ली म्हाताऱ्यापुढे फेकली. वडिलांनी ती धुळीतून उचलली, आरसा आपल्या सोयीने वळवला आणि गाडी दक्षिणेला काढली. मागे वळून बघण्याचं सौजन्यही त्यांनी दाखवलं नाही.

परत निघालेल्या टँकरला त्याने धावत जाऊन हात केला. ड्रायव्हरने दार उघडलं.

"वडील न्यायला आले होते वाटतं?"

"हो ना," तो अंग चोरून बसत म्हणाला. "ऐकतच नव्हते. शेवटी निघावं लागलं."