जहाजाचे चार

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. मुलाला सांगितली नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मी तिला वळसा घालून पुढे जाते — जसं काही त्याला दिसतच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखत असतात तर सांगितली असती का? नसती.

मी चौथी शिकलेली बाई. नवरा गेल्यावर महेशनं, माझ्या मुलानं, मला गावाहून बहारीनला आणलं. सनाबिसमध्ये आमचा फ्लॅट आहे. महेशच्या दोन व्हॅन आहेत. थंडीच्या दिवसांत दुबईहून पर्यटकांची मोठी जहाजं इथल्या बंदराला लागतात, दिवसभर थांबतात आणि निघून जातात. तेवढ्या वेळात त्यातल्या लोकांना फिरवून आणायचं — किल्ला, वाळवंटातलं ते एकटं झाड, मनामाचा बाजार — हा त्याचा धंदा. जहाजवालेही फिरवतात, पण फार पैसे लावतात, म्हणून आपली माणसं आधीच फोन करून आमची गाडी ठरवतात. इंग्रजी फोन माझी सून शिल्पा घ्यायची, तिच्या नोकरीच्या ऑफिसातूनच. मराठी आणि हिंदी फोन माझ्याकडे.

या धंद्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. दुबईची वेळ इथल्यापेक्षा एक तास पुढे. जहाज दुबईहून निघतं आणि पुष्कळदा आपली घड्याळं तशीच ठेवतं. म्हणजे जहाजावर चार वाजतात तेव्हा बंदरावर तीनच वाजलेले असतात. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं — तुम्ही सांगता ती वेळ जहाजाची की इथली? एवढंच. चौथीतल्या पोरालाही जमेल.

आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होतीच. एक इथलं, एक गावचं. गावी फोन कधी लावायचा ते कळावं म्हणून इथं बऱ्याच घरांत असतं तसं. शिल्पानं तिसरं आणून टांगलं, जहाजाच्या वेळेचं. "आई, फोन घेताना याच्याकडे बघत जा, म्हणजे विसरायला होणार नाही." चांगल्या मनानंच म्हणाली. मला झोंबलं. मला घड्याळ शिकवते? पुढे टीव्हीच्या रिमोटचा सेल संपला, तेव्हा मी त्या तिसऱ्या घड्याळातला काढून घातला. दुकान जिन्याखालीच आहे. तरी त्यातलाच काढला.

आता इस्माईलचं सांगते. तो आमचा ड्रायव्हर. दापोलीकडचा. त्याच्या मेहुण्यानं महेशकडे शब्द टाकून त्याला आणवला होता. शुक्रवारी सुट्टीला मासे घेऊन यायचा, स्वतः साफ करून द्यायचा, माझ्या हातचं कालवण जेवायचा आणि म्हणायचा, "काकी, असं तिखट खाल्लं की बहारीन विसरायला होतं बघा." गाडी पुसलेली, कपडे इस्त्रीचे. एकच खोड — गाडी काढायच्या आधी मला दर वेळी विचारायचा, जहाजाची वेळ की आपली? मी सांगितलेलं असलं तरी पुन्हा विचारायचा. शिल्पासमोरही विचारायचा.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे सांगलीचं म्हातारं जोडपं. बाई फोनवर गोड बोलल्या. म्हणाल्या, चारला जहाजावर परत असायला हवं. मी विचारलं नाही. कुठले चार ते विचारलं नाही. विसरले का? नाही हो. प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. त्या बाईला वाटेल हिला काही कळत नाही, म्हणून गिळला.

सकाळी इस्माईल दारात आला. "काकी, जहाजाचे चार का आपले चार?"

"आपलेच. दर वेळी काय तुझा एकच धोशा? मला घड्याळ कळत नाही वाटतं?"

"तसं नाय काकी. चूक झाली की गळ्यात माझ्या येते."

"माझ्या सांगण्यात चूक नसते. जा."

हसत गेला.

त्यानं त्यांना सगळं दाखवलं आणि बंदरावर अर्धा तास आधी आणून सोडलं. आमच्या घड्याळानं साडेतीन. त्या दोघांच्या मोबाईलमध्येही साडेतीनच — किनाऱ्यावर आल्यावर मोबाईल आपोआप इथल्या वेळेवर येतो. जहाजावर साडेचार झालेले. शिडी उचललेली, दोर सुटलेले. सामान, औषधं, सगळं घेऊन जहाज त्यांच्या डोळ्यांसमोर निघालं. बाई म्हणे खरेदीच्या पिशवीवरच बसल्या, खाली जमिनीवर. पुढच्या बंदराला ती दोघं विमानानं गेली. जाण्याआधी तक्रार करून गेली.

संध्याकाळी महेश घरी आला. मागून इस्माईल. महेशनं विचारलं, "आई, तू याला काय सांगितलं होतंस?"

मी म्हटलं, "जहाजाचे चार."

इस्माईल माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "काकी, असं नका बोलू. मी विचारलं होतं ना? इथंच, या दारात?"

"तू विचारलंच नाहीस. घाईत होतास."

तो गावाकडच्या आपल्या मुलींची शपथ घ्यायला लागला. महेश ओरडला, "म्हणजे माझी आई खोटं बोलते? या वयात?" परवाना ज्याच्या नावावर आहे तो बहारीनी मालक फोनवर म्हणाला, ड्रायव्हर बदला, खलास. व्हिसा कॅन्सल झाला. इस्माईल गावी गेला. जाताना मला भेटायला आला नाही. का यावं?

जहाज चुकलं त्याच संध्याकाळी मी रिमोटमधला सेल काढून घड्याळात परत घातला होता. घड्याळ चालू झालं, पण कुठलीतरी भलतीच वेळ दाखवत. शिल्पानं येऊन बघितलं. खाली उतरवलं, काटे फिरवून वेळ लावली, परत टांगलं. तिला कळलं असेल? असेलच. आजही ती मला नीट वाढते, औषध आणून देते, आणि त्या दिवसाबद्दल काही विचारत नाही.

तुम्हाला वाटलं असेल, एवढंच का? घाबरली म्हातारी, मुलापुढे खोटं बोलली. तेवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

पुढे एका दुपारी फोन आला. घरात मी एकटी. पलीकडे रुक्साना, इस्माईलची बायको. तिला मी कधी पाहिलेलं नाही. इस्माईल फोटो दाखवायचा, तेवढाच. ती भांडायला लागेल म्हणून मी तयार होऊन बसले. ती भांडली नाही.

"काकी," ती म्हणाली, "नोकरी परत द्या म्हणून नाही फोन केला. माझ्या भावानंच यांना तिकडे लावलं होतं. तो म्हणतो, यांनी हलगर्जी केली, माझं नाव घालवलं. घरात रोज तेच. हे सारखं एकच सांगतात, मी काकींना विचारलं होतं. मला कळेना झालंय खरं काय ते. तुम्ही फक्त मला सांगा. मी कुणाकडे बोलणार नाही, यांच्याकडेसुद्धा नाही. विचारलं होतं का यांनी?"

एक 'हो' म्हणायचं होतं. महेशला कळणार नव्हतं. मालकाला कळणार नव्हतं. माझं काहीच जाणार नव्हतं. तिला नवऱ्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि त्यासाठी ती माझ्या दारात आली होती, दुसऱ्या कुणाच्या नाही. मला हे सगळं तेव्हाच कळत होतं. मागाहून सुचलेलं नाही.

मी म्हटलं, "नाही गो. त्यानं विचारलंच नव्हतं."

का म्हटलं? खूप शोधलं. भीती नव्हती, दुपारच्या त्या रिकाम्या घरात कुणाची भीती? एकदा जे बोलले ते धरून ठेवायचं, बस. त्याच्या बायकोपुढे मी खोटी ठरायला तयार नव्हते.

ती म्हणाली, "बरं काकी. ठेवते."

तिच्या गावचा एक जण इथं मीना सलमान बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये आहे. त्याच्याकडून पुढचं कळलं. रुक्साना मुलींना घेऊन भावाकडे गेली, ती तिथंच राहिली. इस्माईल त्याच्या म्हाताऱ्या आईजवळ राहतो, कुणाचा तरी टेम्पो चालवतो. घड्याळ वापरत नाही म्हणे. हे तो माणूस हसत सांगत होता. मी त्याला चहा दिला.

नवा ड्रायव्हर ठेवला की महेश पहिल्याच दिवशी त्याला इस्माईलची गोष्ट सांगतो. आईनं नीट सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही, बघ काय झालं. माझ्यासमोर सांगतो. आताचा पोरगा चिपळूणचा आहे. काल त्यानंही दारात उभं राहून विचारलं, "काकी, जहाजाची वेळ ना?" महेश आतून म्हणाला, "आईनं सांगितलं की डोळे मिटून जा रे. ती चुकत नाही." मी म्हटलं, जहाजाचीच. आता मी गिऱ्हाइकाला दोनदा विचारते. बरोबरच सांगते.

रुक्सानाचा नंबर फोनमध्ये आहे. शिल्पानं शिकवल्यापासून नंबर लावायलाही येतो. मी लावलेला नाही. उद्या लावीन असंही म्हणत नाही.